सुगीत मित्राच्या शेतावर: येळ्ळूरचं शिवार, बासमती आणि मसूर

निपाणी_तंबाखूपट्टा

मंडळी, शनिवार-रविवार बेळगावजवळ येळ्ळूरला कॉलेजच्या मित्राच्या घरी जाऊन आलो. सुगी चालू आहे, ये म्हणला, गेलो. बघितलं ते लिहून ठेवावं वाटलं आणि एक विषय पण मांडायचा आहे, म्हणून धागा काढला. लांब झालाय, सांभाळून घ्या.

आम्ही निपाणीकडचे, आमच्याकडं तंबाखू, ऊस, आता सोयाबीन. भाताचं शिवार रस्त्यानं जाता येता बघितलेलं, पण बांधावरनं आत उतरून सुगी बघितली नव्हती. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, धामणे हा सगळा सलग काळ्या जमिनीचा पट्टा आणि मागं राजहंसगड. गडावर चढून शिवार बघितलं तर कुठं पिवळं उभं भात, कुठं कापून आडवं टाकलेलं, कुठं नुसता काळा नांगरलेला पट्टा, आणि सगळीकडं माणसं. शहर इतक्या जवळ आहे की गडावरनं बेळगावच्या बिल्डिंगी दिसतात, तरी खाली एवढं शिवार अजून पिकतंय हे बघून लई बरं वाटलं.

सकाळी लवकर शेतावर गेलो तर कापणी चालू नव्हती. मित्राचे बाबा म्हणाले दव उतरू दे. पण काकी, म्हणजे मित्राची आई, त्या वेळात बसल्या नव्हत्या. पेंढ्या बांधायचे बंध त्या दव असतानाच करून ठेवत होत्या, कारण गवत ओलसर असलं की पीळ बसतो, दुपारी वाळून कडक झालं की मोडतं. दोन मुठी गवत घ्यायचं, शेंड्याला शेंडा लावायचा, मधे एक पीळ मारून गाठ बसवायची की झाली हातभर लांब दोरी. तशा रांगेनं जमिनीवर टाकत गेल्या. मग दोन दिवसांपूर्वी कापून वाळत टाकलेलं भात कवळ्या-कवळ्यानं आणून त्यावर ठेवायचं, गुडघा रोवून दाबायचं, दोन्ही टोकं ओढून पिळायची आणि पीळ खाली खोचून द्यायचा. सुतळी नाही काय नाही. मी पण बांधलो, काकींनी बांधलेली पेंढी उचलून फेकली तरी सुटत नव्हती, तेवढं जमायला वेळ लागतो पण शिकवतात त्या मन लावून, हात धरून.

कापणीला बायका होत्या त्यातल्या निम्म्या कन्नड बोलणाऱ्या, काकी एका वाक्यात मराठी एका वाक्यात कन्नड असं बोलत सगळ्यांना चहा देत होत्या. जेवण बांधावरच. तांदळाच्या भाकऱ्या, खर्डा, वांग्याची भाजी, ताक.

आता मुख्य विषय. त्यांच्या शेतात कडेला एक छोटा तुकडा बासमतीचा आहे, घरात खायला आणि पाहुण्यांना द्यायला. बेळगाव बासमती म्हणून जो नावाजलेला तो हाच. बाकी सगळ्या रानात दुसरं संकरित, जास्त उतारा देणारं भात. बासमती उंच वाढतो, दांडा नाजूक, लोंबीत दाणा भरला आणि एक वाऱ्यापावसाची सर आली की आडवा होतो. आडवा झाला की मशीन लावून कापता येत नाही, हातानंच एक एक बुडखा उचलून कापावा लागतो. झोडणी पण हातानंच, फळीवर पेंढी आपटून, म्हणजे दाणा तुटत नाही. मी झोडणी करताना पेंढी तोंडाजवळ आली की भात शिजल्यासारखा वास यायचा, कच्च्या भाताला! रात्री काकींनी मागच्या वर्षीचा जुना तांदूळ शिजवला, नवा लगेच शिजवला तर चिकट होतो म्हणाल्या, आणि त्यावर घरच्या मसुरीची आमटी आणि लोणी. असला भात मी आधी खाल्ला नव्हता, मनापासून सांगतो.

मी बाबांना विचारलं एवढा भारी आहे तर सगळ्या रानात का करत नाही. ते म्हणाले, "कोण घेणार? बाजारात बासमती म्हणून जे विकतंय त्यात किती बासमती असतोय तुला म्हाईत हाय काय? व्यापारी साध्या भाताच्या थोडं वर भाव देतोय आणि दुसऱ्यात मिसळून विकतोय. उतारा कमी, मजुरी जास्त, मग मी कशाला करू."

माझं म्हणणं असं आहे की हा भात टिकायचा असेल तर तो खाणाऱ्यांनी पेरणीच्या आधी शेतकऱ्याला सांगितलं पाहिजे. मे महिन्यातच. या भागात धूळवाफ पेरणी असते, पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत कुरीनं बी टाकतात. त्याच्या आधी जर दहा घरांनी सांगितलं की आम्हाला एवढा एवढा तांदूळ पाहिजे, हा भाव देतो, तर बाबांसारखा माणूस दहा गुंठ्याचा अर्धा एकर करेल. सुगीनंतर दुकानात जाऊन बासमती शोधण्यात काही अर्थ नाही. मी निपाणीत माझ्या ओळखीच्या घरांना विचारायला सुरुवात केली आहे. तुमचं काय मत?

शहापूर_पेठ

वाचून आमच्या लहानपणीचा वडगावचा मळा आठवला. आमच्या घरी पण होता बासमती. आज्जी सांगायची शेजारच्या गल्लीत भात शिजला तरी कळायचं कुणाकडं पाहुणे आलेत.

पण एक सांगतो, भाव हे एकच कारण नाही. या पट्ट्यात जमीनच राहत नाही. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात भरून शिवारात शिरतो, भात दिवस दिवस पाण्याखाली, कुजतं, मग दुबार लागवड. नाल्यात गाळ, वरनं शहराचं सांडपाणी. आणि वरनं हलगा-मच्छे बायपास. याच सुपीक जमिनीतनं रस्ता काढला म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, रस्त्यावर बसले. ज्याची पिकाऊ जमीन गेली त्याला तू मे महिन्यात ऑर्डर देऊन काय उपयोग?

तुझी कल्पना वाईट नाही, पण पहिला प्रश्न जमिनीचा आहे.

निपाणी_तंबाखूपट्टा

शहापूरकर, बरोबर आहे तुमचं. नाल्याचं बाबांनी पण दाखवलं, त्यांच्या खालच्या बांधाला अजून गाळाची रेघ दिसते. पण मला असं वाटतं की जमिनीतनं चार पैसे जास्त मिळाले तर ती राखायला माणसाला बळ येतं. ज्या जमिनीत साधं भातच पिकतंय आणि हातात काही राहत नाही, ती विकायला पोरं लगेच तयार होतात. साध्या भाताचा सरकारी हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलमागं २३६९ रुपये ठरला होता, त्यात मजुरी, खत, ट्रॅक्टर वजा करा. दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत असं मला दिसलं.

माहेर_येळ्ळूर

माझं माहेर तिथलंच, म्हणून लिहिते. धागा वाचताना डोळ्यासमोर सगळं आलं. बंध करायचं वर्णन अगदी बरोबर, फक्त एक राहिलं, पहाटे उठून आधी घरातलं सगळं आवरून, जनावरांचं शेण काढून, धारा काढून, भाकऱ्या बडवून मग काकी शेतावर आलेल्या असतात. तुम्ही गेलात तेव्हा त्यांचा अर्धा दिवस संपलेला असतो. सुगीत कंबर धरली तर बसायला सवड नाही, पुढं मसुराची पेरणी उभी असते.

म्हणून माझं सांगणं, पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी सुगीत जावा, जरूर जावा, पण घरातल्या बाईला तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला लावू नका. कोंबडा कापा, गोड करा असलं काही नको. जे शेतावर जाईल तेच खावा. जाताना बेळगावातनं कुंदा घेऊन जावा, कामावरच्या बायकांना पण वाटा, सगळ्यांना आवडतो.

आणि तांदळाला भाव ठरवताना काकींना विचारून ठरवा, नुसतं बाबांना नको. झोडणी, पाखडणी, निवडणं सगळं त्यांच्याच हातनं जातंय.

निपाणी_तंबाखूपट्टा

ताई, भाव काकींना विचारूनच ठरवतो, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. आणि तुम्ही मसूरचा विषय काढला म्हणून सांगतो, मला सगळ्यात जास्त नवल त्याचंच वाटलं. भात काढल्यावर त्याच रानात मसूर, आणि त्याला पाणी द्यायचं नाही. जमिनीत भाताची जी ओल शिल्लक असते तेवढ्यावर आणि थंडीच्या दवावर पीक येतं. म्हणून इतकी घाई. भात गोळा केलं की लगेच नांगर, कुळव, आणि ओल उडायच्या आत कुरी. शेजारच्या रानात एका बाजूला भाताचे भारे ट्रॉलीत भरत होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच रानात कुळव चालू होता. बाबांनी ढेकूळ फोडून माझ्या हातात दिलं, वरनं कोरडं, आत गार आणि मऊ. मूठ आवळली की गोळा व्हायचा. गोळा होईना झाला की पेरून उपयोग नाही म्हणाले, चार-पाच दिवस ऊन कडक पडलं की संपलं.

आमच्याकडं मोटर, पाईप, रात्रीच्या लाईटची वाट बघणं याच्याशिवाय दुसरं पीक म्हणजे काय हे आम्हाला माहीतच नाही. इथं नुसत्या ओलीवर दुसरं पीक, आणि वरनं मसूर मुळाच्या गाठीत नत्र साठवतो म्हणजे पुढच्या भाताला खत पण.

जांबोटी_घाट

आम्ही खानापूर तालुक्यातले. इकडं सगळंच वेगळं. पाऊस कणकुंबी-जांबोटीला धो धो, मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते, भाताला पाण्याची कमी नाही. पण भात पोटरीत आलं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात आली, की रात्री शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) राखणीला जाऊन बसावं लागतं. गवे, रानडुकरं आणि आता हत्ती. दांडेलीच्या जंगलातनं हत्ती इकडं येऊ लागले त्याला बरीच वर्षं झाली, ते खानापुरातनं चंदगड, तिलारीपर्यंत जातात. हत्ती खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, जंगल राखलं पाहिजे यात वाद नाही, आम्ही जंगलाचीच माणसं. पण नुकसानभरपाईला अर्ज करून चपला झिजतात.

सुगीत या म्हणणाऱ्यांना एक विनंती, आमच्याकडं येणार असाल तर अंधार पडायच्या आत गावात पोचा, रात्री गाडी हळू चालवा, आणि गवा दिसला तर उतरून फोटो काढायला जाऊ नका. तो शांत उभा असतो म्हणून जवळ जायचं नसतं.

आमच्याकडं बासमती नाही पण जुनं इंटाण भात काही घरात अजून आहे, आणि नाचणा. नाचण्याची भाकरी, आंबील पाहिजे असेल तर आमच्याकडं या.

चंदगडी_काजू

मी शिनोळीजवळचा. म्हणजे महाराष्ट्रात, पण आमची वडिलोपार्जित निम्मी जमीन पलीकडं तुरमुरीच्या बाजूला, म्हणजे कर्नाटकात. मधे एक ओढा. एका रानाचा सातबारा मराठीत चंदगडला, दुसऱ्याची पहाणी कन्नडमध्ये बेळगावला. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, आजोबांना एकाच कचेरीत काम व्हायचं. आता एका रानातल्या मोटरीला कर्नाटकचा नियम, १० एचपीपर्यंत लाईट बिल नाही, दुसऱ्या रानाला महाराष्ट्राची २०२४ ची योजना, साडेसात एचपीपर्यंत. भाताला सगळं सारखंच. कापायला त्याच बायका, ट्रॅक्टर तोच.

आमच्या भागाचं मुख्य पीक रताळी. उचगाव, बेक्किनकेरे, कुद्रेमनी, इकडं आम्ही, सगळे बेळगावच्या मार्केट यार्डातच नेतो, तिथनं ट्रक उत्तरेत जातात. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला उपवासाला मागणी असते तेव्हा भाव बरा लागतो. लाल मातीतली रताळी उकडून नुसती खाऊन बघा, साखर घालायची गरज नाही. शेतावर शेणीच्या आरात भाजलेली तर अजून भारी.

धागाकर्त्याला सांगतो, तांदळाची आधी ऑर्डर घ्यायची पद्धत आमच्याकडं काजूला काही घरं करतात. ओळखीच्यांना फेब्रुवारीतच सांगून ठेवतात, आगाऊ थोडे पैसे घेतात. अडचण एकच येते, पीक कमी आलं तर कुणाला नाही म्हणायचं. ते आधी लिहून ठरवा. नात्यात वाईटपणा नको.

भाकरीतुकडा

बैलहोंगलकडनं. आमच्याकडं सुगीआधी शिगी हुन्नमीला (कोजागिरी पौर्णिमेला) चरग असतोय. बायका कडबू, भाकरी, पुंडीपल्ल्याची (अंबाडीची) भाजी घेऊन शेतात जातात, पूजा करून शेतभर थोडं थोडं शिंपडतात, "हुल्लल्लिगो" म्हणत, मग सगळ्यांनी मिळून तिथंच जेवायचं. पाहुण्यांना न्यायचं असेल तर त्या दिवशी न्यावं. काम कमी, गप्पा जास्त, लेकरांना पण मजा. आमचं शेत ज्वारी-हरभऱ्याचं. यायलास तर कळीव.

पुण्यात_बेळगावी

धागा खूप आवडला. मी पुण्यात आयटीत. मला तांदूळ पाहिजे, पाच किलो नाही, वर्षाचा. पण भाव काय पडेल, आणि खरा बासमती हे मला कसं कळणार? इथं बेळगाव बासमती नावाची पाकिटं मिळतात, वास पहिल्या दिवशी येतो आणि मग नाही.

शहापूर_पेठ

पुणेकर, तुमच्या प्रश्नाचं मी सांगतो. कच्चा तांदूळ तळहातावर घेऊन थोडं चोळायचा आणि वास घ्यायचा. नुसतं पोत्यात तोंड घालून नको, कारण पोत्यात थोडा खरा आणि बाकी दुसरा असला तरी वास भरून राहतो. मग वेगवेगळ्या जागचे मूठभर दाणे ताटात पसरून बघा, जाडी-लांबी सगळ्यांची सारखी दिसली पाहिजे. मिसळ असेल तर लगेच डोळ्यात भरते. आणि शिजवून बघितल्याशिवाय वर्षाचा घेऊ नका. पण सगळ्यात चांगलं म्हणजे शेत बघून, माणूस बघून घ्या. पॉलिश जास्त केलेला घेऊ नका, मिलवाल्याला आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो पांढराशुभ्र करून देतो आणि वास कोंड्याबरोबर जातो.

आणि मी आधी जरा कडक लिहिलं होतं पण विचार केला, धागाकर्त्याचं म्हणणं पटतंय. माझ्याकडनं पण दोन घरं धरा. वडगावात एक जण अजून बासमती करतोय, त्याला पण विचारतो.

निपाणी_तंबाखूपट्टा

शहापूरकर, मनापासून आभार. वडगावचं जमलं तर फार चांगलं, एकाच शेतावर सगळा भार नको. नाला भरला किंवा वाऱ्यानं पीक आडवं झालं तर दुसरीकडचं असेल.

पुणेकर, भाव आज सांगत नाही. काकी आणि बाबा दोघांना बसवून मजुरी, झोडणी, मिलचा खर्च सगळा मांडून मग सांगतो. एवढं नक्की की बाजारातल्या पाकिटापेक्षा स्वस्त असणार नाही आणि असू पण नये.

चंदगडच्या भावानं सांगितलेलं लिहून घेतलंय. पीक कमी आलं तर सगळ्यांना त्या प्रमाणात कमी मिळणार, आगाऊ पैसे पुढच्या वर्षाला धरायचे, असं मी मांडणार आहे. कुणाला पटत नसेल तर आत्ताच सांगा.

माहेर_येळ्ळूर

हे चांगलं ठरवलात. एक अजून, बी राखायचं त्यांना आठवण करा. चांगल्या लोंब्या कापणीच्या आधी निवडून वेगळ्या काढाव्या लागतात, सगळं विकून टाकलं आणि पुढच्या वर्षी बी दुसऱ्याकडनं आणलं तर त्यात भेसळ असते आणि मग वास जातो. आमच्या घरचं बी असंच गेलं. माझ्या आईनं मागायला चार घरं पालथी घातली, पण मिळालं ते तसलं नव्हतं. काकींकडं थोडं जास्त असेल तर आमच्या भावाला द्याल काय, विचारून सांगा. तो लावायला तयार आहे.

निपाणी_तंबाखूपट्टा

ताई, आत्ताच फोन केला. काकींनी बियाण्याच्या पेंढ्या वेगळ्या बांधून माळ्यावर टांगल्यात, झोडल्या नाहीत अजून. म्हणाल्या भावाला संक्रांतीनंतर पाठवून दे, घमेलंभर देते, पैसे नकोत, पण पुढच्या वर्षी तेवढंच परत आणून द्यायचं.

पुण्यात_बेळगावी

मसूर पण मिळेल काय तिथनंच? आणि कधी?

निपाणी_तंबाखूपट्टा

मिळेल. आत्ता पेरलाय, ढग आणि मावा नाही आला तर फेब्रुवारीत काढणी. साल न काढलेला अख्खाच देतात, डाळ करून नाही. मसूर ज्यांना पाहिजे त्यांनी खाली किलो लिहा, बासमतीचं मी एप्रिलात वेगळं विचारतो, कारण बाबांना कुठल्या रानात किती करायचं हे धूळवाफेच्या आधी कळायला पाहिजे.

जांबोटी_घाट

मसूर ५ किलो. बदल्यात नाचणा देतो.